पेचाचा की खटक्याचा?

माझे सासरे हमद बिन सुवैलिम वाळवंटात राहतात आणि त्यांच्या दारापर्यंत डांबरी रस्ता जात नाही. या दोन्ही गोष्टींत माझा काही दोष नाही, पण लग्न झाल्यापासून त्या माझ्याच नावावर मांडल्या गेल्या आहेत. डांबर बिदियाला संपतं. तिथून पुढे वाळूचे टिब्बे. टिब्ब्यांवर चढायचं तर टायरमधली बरीचशी हवा सोडून ते मऊ करावे लागतात, आणि वेळ आली की हवा परत भरावी लागते. बिदियाकडची पोरं चालायला शिकतात तेव्हाच हे शिकतात. मी मस्कतजवळच्या सीबमध्ये वाढलो. आम्ही चालायला फुटपाथवर शिकलो.

म्हणून दर खेपेला माझी गाडी बिदियाच्या पेट्रोल पंपामागे सोडायची, आणि मेव्हणा मुसल्लम त्याची पिकअप घेऊन येणार. पुढे तो आणि त्याची बहीण, म्हणजे माझी बायको रय्या. मागे मी आणि बकऱ्यांचा चारा. चाऱ्याबद्दल माझी तक्रार नव्हती. तक्रार होती ती पोचल्यावर सासरे सगळ्यांदेखत माझ्या अंगावरच्या काड्या वेचायचे त्याबद्दल.

हिवाळ्यात धाकट्या मेव्हणीचा, शमसाचा निकाह ठरला. निकाहाला दोन साक्षीदार लागतात. आजवर त्या घरातल्या एकाही निकाहाला मला साक्षीदार म्हणून बसवलेलं नव्हतं. या वेळी मी फोनवर स्वतःच विषय काढला.

"हिलाल," सासरे म्हणाले, "साक्षीदार म्हणजे ज्याच्यावर विसंबता येतं तो माणूस. तू तर वाटेत मुसल्लमवर विसंबतोस."

"काका, या वेळी मी माझ्या गाडीने येईन."

पलीकडे कोणीतरी हसलं. मुसल्लमच असणार.

"ठीक आहे," सासरे म्हणाले. "शुक्रवारी असरच्या नमाजाआधी स्वतःच्या चाकांवर माझ्या दारात ये. आलास तर साक्षीदार तू. नाही तर मुसल्लमचा मित्र रशीद आहेच. तो वेळेवर येतो."

माझ्या गाडीची चारही चाकं ओढतात, म्हणजे कागदोपत्री तरी. उरला हवा भरायचा कॉम्प्रेसर. तो बाजारात पहिल्याच दुकानात मिळाला. लाल रंगाचा, गाडीच्या बॅटरीवर चालणारा, टोस्टरएवढा. मला वाटलं, झालं काम. तेवढ्यात दुकानदार मोइदू याने विचारलं,

"साहेब, नळीला कनेक्टर कोणता देऊ? पेचाचा की खटक्याचा?"

मी पाणीपुरवठा खात्यात तक्रार विभागात काम करतो. लोक मला प्रश्न विचारतात ते उत्तर मिळेल या आशेने नाही. त्यामुळे खराखुरा प्रश्न समोर आला की मी गांगरतो. मोइदूने दोन्ही कनेक्टर काउंटरवर ठेवले. पेचाचा असतो तो टायरच्या व्हॉल्व्हवर नटासारखा फिरवून बसवायचा. घट्ट बसतो, पण काढताना फिरवून फिरवून काढावा लागतो आणि तेवढ्यात हवा फुसफुसत जाते. खटक्याचा नुसता दाबायचा आणि खटका पाडायचा. क्षणात बसतो, पण कधी कधी क्षणात निघतोही.

"यातला चांगला कोणता?"

"दोन्ही चांगले, साहेब."

"तुम्ही स्वतः कोणता वापरता?"

"मी बसने येतो."

मी विचार करून सांगतो म्हणालो आणि घरी आलो. तिथेच चूक झाली. आमच्या इमारतीत विचार एकट्याने करायची सोय नाही.

खाली लिंबाच्या झाडाजवळ एक बाक आहे. असरनंतर, म्हणजे दुपारची उन्हं कलली की, तिथे दोन माणसं हमखास असतात. एक खल्फान, लष्करातून निवृत्त झालेले ट्रकचालक. दुसरे याकूब, कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाचे मालक. मी प्रश्न टाकला.

"खटक्याचा?" खल्फान म्हणाले. "तो आण की. बायकोला कपडे वाळत घालायला होईल. बाबा रे, आम्ही अख्ख्या ताफ्याला पेचाच्या कनेक्टरने हवा भरलीय. पेच म्हणजे शब्द. एकदा दिला की सुटत नाही."

"तो पेच फिरवत बसशील," याकूब म्हणाले, "तोवर नवरीला मूल होईल."

"तुम्ही गोळ्या विका."

"गोळीसुद्धा लवकर लागू पडते तीच चांगली, खल्फानभाई."

दुसऱ्या दिवशी दोघे बाकाच्या दोन टोकांना बसले होते. तिसऱ्या मजल्यावरचे शिक्षक पेचाच्या बाजूने गेले. त्यांचा भाऊ खटक्याच्या बाजूने, कारण दोघांचा भूखंडावरून वाद चालू होता. मशिदीच्या इमामसाहेबांना कोणीतरी मत विचारलं. "ज्याने काम होईल तो," ते म्हणाले, आणि दोन्ही पक्षांनी ते आपल्या बाजूचं धरलं.

मी आधी खटक्याचा आणला. याकूब स्वतः दुकान बंद करून चाचणीला आले. खल्फान कॉफीचा कप हातात घेऊन, या प्रकाराशी आपला संबंध नसल्यासारखे उभे राहिले. माझ्या चाकांचे व्हॉल्व्ह आऱ्यांच्या मध्ये खोलवर आहेत. कनेक्टर बसत होता, पण खटका पूर्ण पडायच्या आत लोखंडी कडेला अडत होता.

"गाडी चुकीची आहे," याकूब म्हणाले.

"जोर लावू?"

"लाव. औषधसुद्धा कडू लागतं म्हणून सोडायचं नसतं."

मी जोर लावला आणि कॉम्प्रेसर सुरू केला. कनेक्टर सुटून सापासारखा उसळला आणि खल्फान यांच्या हातातला कप घेऊन गेला. नुसता दांडा त्यांच्या बोटांत राहिला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला.

"अल्लाची मर्जी," ते अतिशय समाधानाने म्हणाले.

मग पेचाचा आणला. तो बसायला व्हॉल्व्ह फार आत होता. बोटं पोचत पण फिरत नसत. मोइदूने त्यावर उपाय म्हणून पितळेच्या वाढीव नळ्या दिल्या. त्या मूळ व्हॉल्व्हवर चढवायच्या म्हणजे व्हॉल्व्ह बाहेर येतो. त्यांना पितळेच्याच चकचकीत टोप्या होत्या. जुन्या रबरी टोप्या मी कचऱ्यात टाकल्या. गाडी एकदम रुबाबदार दिसू लागली, आणि नेमकी त्याच आठवड्यात तिची वार्षिक तपासणी आली.

तपासणी केंद्रावरचा तरुण अधिकारी अत्यंत सभ्य होता. तो चाकापाशी उकिडवा बसला आणि खिशातून पट्टी काढली.

"या नळ्या चाकाच्या कडेबाहेर डोकावतात."

"थोड्याशाच."

"हो, थोड्याशाच डोकावतात. म्हणजे गाडीत बदल केलाय. बदलाला परवानगी लागते. पलीकडची खिडकी."

पलीकडच्या खिडकीतल्या बाईंनी सांगितलं, परवानगी मिळेल, पण काय बदल केला याचं तपासनिसाचं पत्र आणा. मी परत आलो.

"विनापरवानगी बदलाचं पत्र मी कसं देणार?" तपासनीस म्हणाला. "म्हणजे मी तो मान्य केल्यासारखं होईल."

दुसरा कोणी असता तर भडकला असता. मी मात्र त्या उत्तराकडे एका कारागिराने दुसऱ्याचं काम पाहावं तसं पाहत राहिलो. आमच्या विभागात मी रोज अशीच उत्तरं लिहितो, पण इतकं सुबक मला क्वचितच जमलंय. मी नळ्या काढून टाकल्या. टोप्या त्यांच्यावरच होत्या, त्याही गेल्या. गाडी पास झाली. व्हॉल्व्ह उघडेबोडके राहिले, पण हवा आतल्या पिनेने अडते, टोपीने नाही, असं खल्फान म्हणाले, आणि ते खरंच आहे. पिन जागेवर असेपर्यंत.

बोटांच्या टोकांनी पेच फिरवायचा सराव मी आठवडाभर केला आणि तो जमू लागला. शुक्रवारी सकाळी मुलांना माझ्या आईकडे सोडून आम्ही निघालो. रय्याचे कपडे, अत्तरं, धूपदाणी आणि हलव्याचं मोठं पातेलं मावेना, म्हणून मी स्टेपनी घरी ठेवली. नव्या टायरांना स्टेपनी कशाला, असं त्यावेळचं माझं मत होतं.

बिदियाला डांबर संपलं तिथे मी गाडी थांबवली आणि चाकांची हवा सोडायला बसलो. मुसल्लम हे काम नुसत्या नजरेने करतो. मी काटेकोर माणूस आहे. माझ्या कॉम्प्रेसरला हवेचा काटा होता. कनेक्टर व्हॉल्व्हवर फिरवायचा, काटा पाहायचा, कनेक्टर काढायचा. काढताना जराशी हवा फुस्स करून जायची. म्हणजे आत्ताच घेतलेलं माप चुकीचं झालं. म्हणून परत मापायचं. डावं पुढचं उजव्याहून कमी भरलं, म्हणून उजव्याची थोडी सोडली. मग उजवं कमी झालं.

"हिलाल," रय्या खिडकीतून म्हणाली, "टायर झोपलेत."

"वाळूत मऊच हवेत."

"मऊ म्हणजे खबूसची रोटी नाही."

मी गाडी वाळूत घातली. पुढचा अर्धा तास हा माझ्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा काळ होता, आणि त्यात माझं लग्नही धरलेलं आहे. गाडी टिब्ब्यावर चढली. टिब्ब्यावरून उतरली. दुसऱ्यावर चढली. रय्या काही बोलली नाही, आणि आमच्या घरात यापेक्षा मोठी शाबासकी नाही. सासऱ्यांच्या वस्तीच्या दोन टिब्बे अलीकडे, सपाटीवर, मागून चपक चपक असा आवाज येऊ लागला. मी उतरून पाहिलं. मागचा उजवा टायर इतका बसला होता, की लोखंडी चाकावरून तो निसटायच्या बेतात होता.

घाबरण्यासारखं काही नव्हतं. कॉम्प्रेसर होताच. मी तीन चाकांत नीट हवा भरली. रय्याने घड्याळ पाहिलं आणि असरला वेळ आहे म्हणाली. चौथं, म्हणजे ते मागचं उजवं, भरूनही झालं. मग कनेक्टर काढायला गेलो तर तो निघेना. पेचात वाळू गेली होती. खल्फान म्हणाले होते ते खरं होतं. शब्द सुटत नव्हता.

मी पक्कड लावली. कनेक्टर फिरला, आणि त्याच्याबरोबर आत काहीतरी फिरतंय असं जाणवेपर्यंत उशीर झाला होता. कनेक्टर निघाला, त्याला चिकटून व्हॉल्व्हची पिन निघाली, कनेक्टरच्या आतली रबरी चकती निघाली, आणि त्यामागून सगळी हवा जाऊ लागली. पिन आणि चकती कुठेतरी वाळूत पडल्या. मी जे पहिलं सुचलं ते केलं. उजवा अंगठा व्हॉल्व्हवर दाबला. हवा थांबली.

आता अंगठा काढला की टायर बसणार, चाकावरून उतरणार, आणि स्टेपनी सीबला. चकती गेल्यामुळे कनेक्टर परत लावून उपयोग नव्हता. टोप्यांचं मी वर सांगितलंच आहे. फोनला रेंज नव्हती. रय्याने कॉफीचं गाळणं घेऊन वाळू चाळायला सुरुवात केली. बरीच चाळली. वाळू चांगली बारीक निघाली.

"मी चालत जाऊन मुसल्लमला आणते," ती म्हणाली. "दोनच टिब्बे आहेत."

"आणि काय सांगशील?"

"की नवरा चाकाला चिकटलाय."

"मुळीच नाही."

इतक्यात टिब्ब्यावरून एक पिकअप उतरली. मागे एक उंट ऐटीत बसलेला. चालवणारे म्हातारे बद्दू, म्हणजे वाळवंटातले अरब, खाली उतरले, सलाम झाला. नाव सालमीन. मग त्यांनी विचारलं,

"काही खबर?"

"काही खबर नाही. सगळं ठीक. तुमची काही खबर?"

"काही नाही. सगळं ठीक."

आमच्याकडे हे असंच आहे. खबर विचारली की नाही म्हणायचं, मागे तंबू जळत असला तरी. खरी खबर कॉफी झाल्यावर, आणि तीही ज्याची त्याने सांगायची. समोरचा खोदून विचारत नाही. रय्याने थर्मासमधून कॉफी दिली, खजूर दिले. सालमीन चाचांनी सावकाश कॉफी घेतली, पुरे म्हणून कप हलवला आणि वाट पाहिली. त्यांची नजर माझ्या हातावर पडायची आणि सभ्यपणे बाजूला व्हायची. उंटाची नजर काही बाजूला होत नव्हती.

मी सांगणारच होतो. तेवढ्यात ते म्हणाले, "मी हमद बिन सुवैलिमकडे निघालोय. निकाह आहे."

म्हणजे माझी खबर माझ्याआधी सासऱ्यांच्या दारात पोचणार. शहरातला जावई पुन्हा वाळूत बसला. मी घसा साफ केला.

"आम्हीही तिथेच. जरा बसलोय."

"चाकापाशी?"

"चाकापाशी."

"चांगलं आहे," ते म्हणाले. "सावली आहे." आणि गेले.

"उंटाला कळलं!" रय्या म्हणाली. "अरे, त्या उंटालासुद्धा कळलं! त्याने तोंड उघडलं असतं तर त्याने मदत मागितली असती!"

अंगठ्याला मुंग्या आल्या होत्या. सावली चाकाच्या पलीकडे सरकत होती, आणि तिच्याबरोबर माझी साक्ष. असरची वेळ झाली, आणि मी त्या सावलीकडे नुसता पाहत राहिलो.

मग टिब्ब्याच्या माथ्यावर एक पिकअप दिसली. तिच्यामागे दुसरी. मग आणखी. सगळ्या एका ओळीत उतरून आमच्यासमोर थांबल्या. सासरे उतरले. मुसल्लम उतरला, तो रशीद उतरला, कमरेला खंजर लावलेला नवरा मुलगा उतरला, आणि शेवटी बगलेत नोंदवही घेऊन काझीसाहेब. त्यांना मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या आत इब्राला दुसरा निकाह लावायचा होता. कोणी हसत नव्हतं. सगळे माझ्यापुढे अर्धवर्तुळ करून वाळूत बसले. मी होतो तिथेच, चाकाला टेकून, उजवा हात मागे.

"हिलाल," सासरे म्हणाले. इतका मऊ आवाज मी त्यांच्याकडून ऐकला नव्हता. "सालमीन सांगतो, तू इथे बसलायस. खबर नाही म्हणतोस. पुढे येत नाहीस. माझा जावई माझ्या दारापासून दोन टिब्ब्यांवर येऊन बसतो, याचा अर्थ मला कळतो. पांढरी दाढी आहे माझी."

मला अर्थ कळला नव्हता.

"तुला चाऱ्याशेजारी बसवलं, ते चुकलं."

मुसल्लमने मान खाली घातली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. त्यांना वाटत होतं, मी रुसलोय.

सासऱ्यांनी कॉफीचं भांडं मागवलं आणि स्वतःच्या हाताने कप भरून माझ्यापुढे धरला. आता, कप उजव्या हातानेच घ्यावा लागतो. डाव्याने घेतला तर तो अपमान, आणि तोही काझीसमोर. माझा उजवा अंगठा तर हवा धरून होता. मी कपाकडे पाहिलं. सासऱ्यांकडे पाहिलं. कप घेतला नाही.

अर्धवर्तुळात श्वास थांबले. वाळवंटात पाहुण्याने पुढे केलेली कॉफी घेतली नाही, तर त्याचं काही मागणं आहे, असं समजतात. यजमानाला ते मागणं ऐकावं लागतं, आणि चारचौघांत नाही म्हणणं अवघड असतं. लोकांनी यावर खून माफ केलेत, विहिरी दिल्यात.

"माग," सासरे म्हणाले.

"काका, ते माझा हात—"

"हाताचं राहू दे. तोंडाने माग."

"बाबा," रय्या गाडीतून शांतपणे म्हणाली, "त्यांना साक्षीदार व्हायचंय."

सगळ्यांनी श्वास सोडला. रशीद घाईघाईने म्हणाला, "माझं काही नाही हं, मी तर हलव्यासाठी आलोय." सासरे मात्र दाढीवरून हात फिरवत राहिले.

"मी अट घातली होती. स्वतःच्या चाकांवर, असरच्या आधी, माझ्या दारात. शब्द मोडला तर मीच कोण?"

काझीसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. इब्रा लांब होतं.

"हमद," ते म्हणाले, "बद्दूचं दार कुठे असतं? तो जिथे बसून कॉफी ओततो तिथे. तू इथे बसलास. कॉफी इथे ओतलीस. आणि हा असरच्या आधीच इथे हजर होता, याला सालमीन साक्षी आहे. हा वेळेवर आला. उशीर दाराला झाला."

सासऱ्यांनी बराच विचार केला. मग त्यांच्या मिशा हलल्या.

"दाराला झाला," ते म्हणाले.

निकाह तिथेच लागला. सासऱ्यांनी नवऱ्या मुलाचा हात हातात घेतला, शब्द बोलले गेले, त्याने कबूल म्हटलं. दुसरे साक्षीदार सालमीन चाचा, त्यांनी सही केली. मग काझीसाहेबांनी नोंदवही माझ्या मांडीवर ठेवली आणि पेन पुढे केलं.

"उजव्या हाताने," ते म्हणाले.

मी अंगठा काढला.

फुस्स असा आवाज सुरू झाला तो थांबेना. माझ्या पाठीमागे गाडी हळूहळू एका बाजूला कलू लागली. निकाहाची नोंद चालू असताना मध्ये बोलणं बरं दिसत नाही, म्हणून कोणी काही बोललं नाही. सगळे नुसते पाहत होते: आधी चाकाकडे, मग माझ्या काळ्याठिक्कर अंगठ्याकडे, मग सासऱ्यांच्या डाव्या हातात तशाच राहिलेल्या कपाकडे. मुसल्लमच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट जुळत गेलेली मला दिसली. मी घाई केली नाही. इतकी वर्षं वाट पाहून केलेली सही कोणी आखडती घेत नाही. स्वतःचं नाव लिहिलं, वडिलांचं लिहिलं, आजोबांचं लिहिलं. टोळीच्या नावापाशी आलो तेव्हा हवा संपली आणि गाडीचं मागचं अंग वाळूत टेकलं. मी तारीख घातली आणि पेन परत केलं.

सासरे माझ्याकडे पाहत होते. वाळूत कुठे चूक झाली हे त्यांना एका नजरेत कळतं. तेही कळलं असणार, आणि मी रुसलो नव्हतो हेही. रय्याने खिडकीची काच वर केली.

मी मोकळा झालेला उजवा हात पुढे केला आणि म्हणालो, "काका, कॉफी."

कॉफी गार झाली होती. त्यांनी ती वाळूवर ओतली, कप पुन्हा गरम भरला आणि माझ्या हातात दिला. मग मान न वळवता म्हणाले,

"मुसल्लम, तुझ्या गाडीचं चाक काढ. माझ्या साक्षीदाराला घरी न्यायचंय."